टेन्शन आपण घेत नाही

गेल्या 10 ऑक्टोबरला आमच्या कंपनीत जागतिक मानसिक आरोग्य दिन साजरा झाला. कंपनी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, सेकंड स्टेजला आहे. दुपारच्या जेवणानंतर कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवली, प्रोजेक्टर लावला आणि बाहेरून बोलावलेल्या एका ट्रेनरने आम्हाला पाऊण तास 'स्ट्रेस' या विषयावर सांगितलं. खोल श्वास घ्या. उठल्याउठल्या मोबाइल बघू नका. ज्यांनी तुमच्यासाठी काही केलं त्यांची नावं रोज रात्री वहीत लिहा. शेवटी त्याने सगळ्यांना हात वर करायला लावले आणि एक वाक्य म्हणवून घेतलं. कन्नडमध्ये 'टेन्शन तगोबेडा', हिंदीत 'टेन्शन मत लो'. मी मागे उभा होतो. मनातल्या मनात ते मराठीत म्हणून पाहिलं: टेन्शन घेऊ नको.

तिन्ही भाषांत क्रियापद एकच. घेणे. जणू टेन्शन कुठेतरी काउंटरवर मांडून ठेवलंय आणि आम्ही कामगार, इन्स्पेक्टर, हेल्पर रांगा लावून ते घेऊन घरी जातो.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये एक माणूस नव्हता. प्लेटिंग सेक्शनमधला एक अण्णा. दोन महिन्यांपूर्वी तो काम सोडून गेला होता. तो का गेला हे मला उशिरा कळलं, आणि कळायला उशीर झाला तो एका शब्दामुळे. त्या शब्दाकडे मी येणारच आहे. पण आधी हे टेन्शन नीट तपासू, कारण तपासणी हाच माझा धंदा आहे.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, क्वालिटीत काम करतो. आमच्या शाखेत टेन्शन आणि स्ट्रेस हे दोन्ही शब्द पहिल्या वर्षीच भेटतात, आणि तिथे त्यांचा अर्थ अगदी स्वच्छ असतो. दोरीत ताण आहे म्हणजे दोरीला दोन्ही टोकांनी कोणीतरी ओढतंय. स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बल नसेल तर स्ट्रेस शून्य. मशीनवर रॉड लावून आपण तो तुटेपर्यंत ओढतो, तेव्हा 'तू स्ट्रेस घेऊ नकोस' असं रॉडला कोणी सांगत नाही. भार किती होता, कुठल्या दिशेने होता, किती वेळ होता हे लिहितो. भाराचा आकडा नसलेला टेस्ट रिपोर्ट मी पुढे पाठवला तर माझा साहेब तो माझ्या तोंडावर फेकेल. पण हाच शब्द लोखंडावरून माणसावर आला की भाराचा रकाना गायब होतो. फक्त रॉड उरतो. रॉडनेच श्वास घ्यायचा, रॉडनेच वही लिहायची.

टेन्शन देता येतं हे रस्त्यावरच्या माणसाला माहीत आहे. मुंबईची पोरं थट्टेत म्हणतात की टेन्शन घ्यायचं नसतं, द्यायचं असतं. थट्टेत का होईना, त्यात देणारा आहे. पण 'टेन्शन देऊ नका' या विषयावर मॅनेजरांना बसवून कोणी पाऊण तास शिकवलंय, असं मी अजून ऐकलेलं नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. मी निपाणीचा. पुण्याहून बंगळुरूला जाणारा हायवे आमच्या गावावरून जातो, आणि तोच रस्ता हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत शेवटी तुमकूर रोड होऊन पीण्याच्या कडेने शहरात शिरतो. एकाच रस्त्याची दोन गावं. आई बिड्या वळायची. घरातला पहिला पदवीधर मी. शिक्षण मराठी माध्यमात, कन्नड परीक्षेपुरतं. नोकरी लागली तेव्हा हेग्गनहळ्ळीत खोली घेतली. घरमालकाने आडनाव विचारलं, गाव विचारलं, 'मांसाहार करता का' विचारलं. मी एक उत्तर खरं दिलं, दोन खोटी दिली. हे तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या शहरात केलेलं आहे, म्हणून लांबवत नाही.

कामावर सहा महिने बरे गेले. मग 14 एप्रिल आला. मी बाबासाहेबांचा फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी एकाने हसत विचारलं, 'अरे, तू कोट्यातला का?' एवढंच. पण त्या आठवड्यापासून डब्याच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मी पास केलेला जॉब माझ्यानंतर लागलेल्या मुलाकडून पुन्हा तपासून घेतला जाऊ लागला. कस्टमरकडून माल परत आला की मीटिंगमध्ये पहिलं नाव माझं. मी मायक्रोमीटर दोनदा, तीनदा लावायला लागलो. घरी आल्यावरही आकडे डोक्यात फिरायचे. झोप उडाली. एचआरकडे गेलो तर मॅडम मनापासून म्हणाल्या, 'तुम्ही फार टेन्शन घेता. पॉझिटिव्ह राहा.' मला ते पटलं. खोटं कशाला सांगू? मला खरंच वाटलं की दोष माझ्यात आहे. आपण पहिल्या पिढीतले, आपल्याला अशा ठिकाणी वावरायची सवय नाही, आपणच जास्त मनाला लावून घेतो.

त्या रात्री आईला फोन केला. म्हटलं, 'आई, जरा टेन्शनमध्ये आहे.' तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, 'कोण तरास द्यायलंय काय रं तुला?'

आई शाळेत गेली नाही. पण एचआरच्या मॅडमने, ट्रेनरने आणि मी स्वतः जो प्रश्न विचारला नव्हता तो तिने पहिल्याच वाक्यात विचारला. कोण? तिला हा प्रश्न कुठून सुचला तेही मला माहीत आहे. बिड्यांचा हिशोब द्यायला ती जायची तेव्हा मालकाचा माणूस मूठमूठ बिड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे द्यायचा नाही आणि त्या बिड्या परतही द्यायचा नाही. घरी आल्यावर ती 'आज मन अस्वस्थ आहे' असं म्हणायची नाही. 'त्यो तरास द्यायलाय' म्हणायची. तिच्या वाक्यात कर्ता असायचा. तो कोण, कुठे बसतो, किती बिड्या ठेवून घेतल्या, हे सगळं असायचं.

आपल्या डिग्रीने आपल्याला बरेच शब्द दिले. टेन्शन, स्ट्रेस, डिप्रेशन, बर्नआउट, इम्पोस्टर सिंड्रोम. त्यातले काही कामाचे आहेत, ते मी पुढे बोलतो. पण ते शिकताना आईचा तो एक प्रश्न आपल्याकडून निसटला. तो फुकटात गेला असता तरी मी एवढं मनावर घेतलं नसतं. तो फुकटात गेला नाही.

आता त्या अण्णाकडे येतो. तो कलबुर्गीकडचा. वयाने माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, तरी मला 'सार' म्हणायचा, मी त्याला अण्णा म्हणायचो. जुलैच्या पावसात कंपनीच्या मागच्या बाजूचं गटार तुंबलं. पाणी आत यायला लागलं. सुपरवायझरने सेक्शनवर नजर फिरवली आणि त्याला बोलावलं. तो प्लेटिंग ऑपरेटर होता, सफाईवर नव्हता. सेक्शनमध्ये त्याच्यासारखे आणखी सहा जण उभे होते. बोलावलं त्याला. तो उतरला. मी हे पाहिलं नव्हतं, मी तेव्हा वर स्टँडर्ड रूममध्ये होतो.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळ आला. ग्लास हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, 'तुंबा कष्ट आगिदे, सार.'

मी ऐकलं: फार कष्ट झालेत. मराठीत कष्ट म्हणजे काम, मेहनत. मला वाटलं, पावसामुळे काम वाढलंय, थकलाय बिचारा. मी म्हटलं, 'अण्णा, कष्ट तर सगळ्यांनाच आहेत.' तो हसला. ग्लास ठेवला आणि गेला. पुढच्या पगारानंतर तो आला नाही.

कन्नडमध्ये 'कष्ट' म्हणजे मेहनत नव्हे. कन्नडमध्ये कष्ट म्हणजे हाल, सोसवत नाही अशी अवस्था. आपण मराठीत 'सुखदुःख' म्हणतो तिथे कन्नड माणूस 'कष्ट-सुख' म्हणतो. एकमेकांचं कष्ट-सुख बोलायचं म्हणजे मनातलं बोलायचं. तो माझ्याकडे मनातलं बोलायला आला होता. बहुधा माझं 14 एप्रिलचं स्टेटस त्यानेही पाहिलं होतं, आणि ते पाहून टेबलावरून न उठलेल्या मोजक्या माणसांत तो होता. तो म्हणत होता, माझ्याच्याने हे सोसवत नाही. आणि मी, आंबेडकरी घरातला इंजिनीअर, त्याला सांगितलं की हे सगळ्यांनाच असतं.

गटाराचं मला नंतर दुसऱ्या ऑपरेटरने सांगितलं, आणि 'कष्ट'चा अर्थ शेजारच्या खोलीतल्या अक्काने. त्या रात्री मी माझ्या भाषेकडे पहिल्यांदा संशयाने पाहिलं. संस्कृतातही कष्ट म्हणजे पीडा, वाईट अवस्था. कन्नडने तो अर्थ जपला. मराठीत पीडेचा हा शब्द आपल्या लोकांच्या कामाचं नाव झाला. कष्टकरी म्हणजे काम करणारा. कष्टाळू ही तर शाबासकी. आमच्या घरी पाहुणे यायचे आणि म्हणायचे, 'बाई लई कष्टाळू', आणि आई खूश व्हायची. ज्यांच्या वाट्याला काम आणि पीडा पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच आली, त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवायची गरज कोणाला वाटली नसावी. 'सोशिक' हाही तसलाच शब्द. त्रास देणाऱ्याला नाव नाही, सोसणाऱ्याला मात्र बक्षीस.

म्हणून मला कोणी सांगितलं की शब्दांवरून काय भांडायचं, तर मी म्हणतो, शब्दावरूनच भांडायचं. माझ्या समोरचा माणूस एका शब्दात मला हाक मारत होता आणि ती मला ऐकू आली नाही.

आता कोणी म्हणेल की दुःख व्यक्तिगत असतं, त्यात जात कशाला आणता. त्यांच्यासाठी इतिहास काढतो. 1855 साली 'ज्ञानोदय' या पत्रात एक निबंध छापून आला. लिहिणारी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली विद्यार्थिनी, मुक्ता साळवे. वय चौदाच्या आसपास. निबंधाचा विषय मांग-महारांचं दुःख, आणि 'दुःख' हा शब्द शीर्षकातच आहे. तीही आपल्यासारखी पहिल्या पिढीची शिकलेली मुलगी होती. तिला 'दुःख' हा शब्द हातात मिळाला तेव्हा तिने त्याचं काय केलं? ती स्वतःच्या मनात डोकावून रडत बसली नाही. पेशवाईत तालमीपुढून गेलं तर काय व्हायचं ते तिने लिहिलं. जमिनीवरून कोणी हुसकावलं ते लिहिलं. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं. वेद तुमचे एकट्याचे, तर मग आमचा धर्म कोणता, असा जाब ब्राह्मणांना विचारला. आपल्या माणसांच्या हातून छापलेल्या मराठीत 'दुःख' आलं तेच देणाऱ्याच्या नावासकट आलं. आपली परंपरा ही आहे. 'पॉझिटिव्ह राहा' ही नाही.

आणि बाबासाहेब. 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूत, जागतिक बौद्ध परिषदेत, ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. सोळा दिवसांनी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. त्या भाषणात ते दुःख या एका शब्दापाशी थांबले. दुःख म्हणजे जन्ममरणाचा फेरा, हा रूढ अर्थ आपल्याला मान्य नाही असं त्यांनी सांगितलं. बौद्ध वाङ्मयात बुद्धांनी अनेक ठिकाणी दुःख हा शब्द दारिद्र्य या अर्थाने वापरलाय, हे त्यांनी दाखवलं आणि मार्क्स ज्याला शोषण म्हणतो त्याच्याशी तो ताडून पाहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी चार आर्यसत्यांविषयी शंका घेतली. जगणंच दुःख असेल तर माणसाला आशेला जागा कुठे राहते, हा त्यांचा आक्षेप होता.

त्याच ग्रंथात सिद्धार्थ घर का सोडतो ते पाहा. म्हातारा, आजारी आणि प्रेत दिसलं म्हणून वैराग्य आलं, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या ग्रंथात भांडण आहे रोहिणी नदीच्या पाण्याचं. शाक्य आणि कोलीय या दोन गणांत पाण्यावरून तंटा होतो, शाक्यांचा संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, अल्पमतात जातो आणि परिव्रज्या स्वीकारतो. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या माणसाने बुद्धाच्या गोष्टीत पाणी शोधावं यात नवल नाही. दुःख कुठून येतं? माणसामाणसांतल्या व्यवहारातून येतं. तिथून येत असेल तर ते तिथेच थांबवताही येतं. धम्म त्यासाठी आहे.

एवढं सगळं असताना आपल्याच विहारांत काय चाललंय? पौर्णिमेच्या दिवशी कोणीतरी माइक हातात घेतो आणि सांगतो, जीवन दुःखमय आहे, दुःखाचं कारण तृष्णा आहे, तृष्णा सोडा. समोर बसलेल्या पोराचा तीन महिन्यांचा पगार ठेकेदाराने अडवलाय. त्याने कुठली तृष्णा सोडायची? पगाराची? तृष्णेबद्दल बोलायचं असेल तर ठेकेदाराच्या तृष्णेबद्दल बोला. आपल्या वस्त्यांत प्रेरणादायी व्याख्यानांचं पीक आलंय, तिथेही हेच. 'परिस्थितीला दोष देऊ नका.' का देऊ नका? परिस्थिती आभाळातून पडली का? ती केलेली आहे, आणि करणाऱ्यांना नावं आहेत.

सरकारी तक्ताही हेच करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2021 च्या अहवालात देशात 1,64,033 आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले 42,004 रोजंदारीवर काम करणारे, म्हणजे दर चारांत एकाहून थोडे जास्त. आता कारणांची यादी पाहा. सगळ्यात मोठा रकाना कौटुंबिक समस्या. मग आजारपण. पुढे प्रेमप्रकरण, परीक्षेतलं अपयश, सामाजिक प्रतिष्ठेला धक्का. त्या लांबलचक यादीत जातीय छळ नावाचा रकानाच नाही. रकाना नसला की कोणतंही मरण कौटुंबिक होऊन जातं. रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. डॉ. पायल तडवी 22 मे 2019 ला गेली. दोघांच्या आयांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, आपलं दुःख घरात ठेवलं नाही. त्या 2019 मध्ये एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि विद्यापीठांतला जातीभेद थांबवायला यंत्रणा मागितली. त्यांनी तक्त्यात नसलेला रकाना न्यायालयापुढे मांडला.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. डिप्रेशन हा आजार आहे. तो खऱ्या अर्थाने आजार आहे, त्याला औषध आहे, आणि 'व्यवस्था बदलली की बरं वाटेल' असं आजारी माणसाला सांगणं हा गुन्हा आहे. मी स्वतः झोप उडाली तेव्हा डॉक्टरकडे गेलो आणि गोळ्या घेतल्या. त्याची मला लाज नाही आणि तुम्हीही ठेवू नका. टेलि-मानसचा 14416 हा नंबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, त्याच्या मागे याच बंगळुरूतली निम्हान्स संस्था आहे. जीव नकोसा झाला असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो नंबर लावा. पण पाय मोडलेल्या माणसाला आपण प्लास्टरही घालतो आणि गाडी कोणाची होती तेही विचारतो. डॉक्टरने पहिलं काम करायचं. दुसरं काम आपलं आहे. माझी तक्रार गोळ्यांबद्दल नाही. माझी तक्रार अशा कंपनीबद्दल आहे जी दर 10 ऑक्टोबरला प्रोजेक्टर लावते आणि जुलैमध्ये कोणाला गटारात उतरवायचं हे जात पाहून ठरवते. माणसाला गटारात उतरवण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे. त्याचं एकही पान त्या प्रोजेक्टरवर आलं नाही.

मग करायचं काय? उत्तर मला शेजारच्या खोलीतल्या अक्कानेच दिलं, आणि तेही न विचारता. ती गारमेंटमध्ये शिवणकाम करते. एप्रिल 2016 ची गोष्ट तिने सांगितली. त्या वर्षी 10 फेब्रुवारीला केंद्र सरकारने प्रॉव्हिडंट फंडाचा नियम बदलला होता. मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हती. गारमेंटमधली बाई चाळीशीतच पाठ आणि डोळे गमावून बाहेर पडते. मुलीचं लग्न, मुलाची फी, घराचं डिपॉझिट या सगळ्याला आधार तो फंडच. 18 आणि 19 एप्रिलला बंगळुरूच्या गारमेंट कारखान्यांतून हजारो कामगार रस्त्यावर आले, त्यात बहुतेक बायका. कुठल्या मोठ्या युनियनची हाक नव्हती. होसूर रोड अडला, इकडे तुमकूर रोडवर जालहळ्ळी क्रॉसला वाहतूक थांबली. बस जळाल्या, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला. 19 तारखेला केंद्राने तो नियम मागे घेतला.

मी अक्काला विचारलं, 'तेव्हा टेन्शन आलं नाही?' ती म्हणाली, 'बंतु.' आलं. 'पण आम्ही म्हणत होतो, नम्म दुड्डु.' आमचे पैसे. बायका रस्त्यावर बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडी आमचे पैसे, तुम्ही घेतलेत, परत करा, एवढंच होतं. त्या गर्दीत कोणीतरी माइकवरून 'टेन्शन घेऊ नका, खोल श्वास घ्या' म्हटलं असतं तर बायकांनी काय केलं असतं याची कल्पना तुम्हीच करा.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'टेन्शन' हा शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही. तो तोंडात बसलाय, राहू द्या. पण तो उच्चारला की थांबू नका. त्याच्या मागे आईचा प्रश्न जोडा: कोण देतंय? आणि उत्तर लिहून ठेवा. ट्रेनरने उपकारकर्त्यांच्या नावांची वही ठेवायला सांगितली होती. मी वही ठेवली, पण वेगळी. तारीख, वेळ, कोण काय म्हणाला, नेमके शब्द, तिथे आणखी कोण होतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 पासून आहे, त्याखाली अपमानाची तक्रार करायला गेलात तर हेच विचारतात: कोण बोललं, काय बोललं, चारचौघांत बोललं का, ऐकलं कोणी. 'मला खूप टेन्शन आलं' याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात होत नाही. वहीत पहिल्या महिन्यात माझ्या अकरा नोंदी झाल्या. त्या वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी वेडा नाही, हळवाही नाही. भार होता. मोजण्याइतका होता. पुन्हा तपासायला दिलेल्या जॉबची यादी घेऊन मी मॅनेजरकडे गेलो आणि विचारलं की हे फक्त माझ्याच जॉबचं का होतंय. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फेरतपासणी त्या आठवड्यात बंद झाली. खुर्ची अजून रिकामीच असते. ती भरली नाही म्हणून मी आता रात्री जागत नाही.

आणि दुसऱ्याने सांगितलं की ऐका. हे आपल्याला जास्त अवघड जातं, कारण आपण नुकते वर चढलेलो असतो आणि खाली बघायला घाबरतो. आपला माणूस कुठल्याही भाषेत 'कष्ट' म्हणाला, 'तरास' म्हणाला, 'परेशान' म्हणाला, तर 'ते सगळ्यांनाच असतं' हे वाक्य तोंडातून काढू नका. ते मालकाचं वाक्य आहे. मी ते एकदा उच्चारलंय.

अण्णाचा नंबर मी मिळवला. दोनदा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. तो आता दासरहळ्ळीकडे दुसऱ्या युनिटमध्ये आहे. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, 'अण्णा, यारु कष्ट कोट्टरु?' त्रास कोणी दिला? पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याने नाव सांगितलं. ते माझ्या वहीत आहे, तारखेसकट. पुढच्या रविवारी आम्ही भेटतोय. कायदा माहीत असलेला एक मित्र सोबत येणार आहे.

जय भीम.